एकुलता एक

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. आयटीआय करून तो नाशिकजवळ अंबडच्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागला. आमच्या मळ्याच्या वाटेवरून कंपनीत नोकरीला जाणारा तो पहिला. आई-आप्पा अंधारातच झेंडू-शेवंतीच्या पाट्या घेऊन बाजाराला निघायचे आणि थोड्या वेळानं दादा सायकलला डबा अडकवून पहिल्या पाळीला. घरात मी एकटी उरायचे. माझी बारावी झाली होती आणि माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं.

त्या हिवाळ्यात दादा बारीक व्हायला लागला. गंमत म्हणजे त्याची पँट मांड्यांत सैल आणि पोटावर घट्ट व्हायची. "कंपनीच्या कँटीनचं खाऊन पोट सुटलंय," म्हणून मी त्याला चिडवत असे. तोही हसायचा. पण घरी आल्यावर सायकल भिंतीला टेकवून तिथंच पायरीवर बसायचा, पाच-पाच मिनिटं. एकदा म्हणाला, "लेथ मशीनवर उभं राहवत नाही गं. चार वाजेपर्यंत पायातलं सगळं निघून जातं."

आमच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं. डावीकडे हाताला दगडासारखं लागत होतं. पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढलीय, मलेरिया असेल, म्हणून रक्त तपासायला लॅबमध्ये पाठवलं. लॅबवाल्यानं दोनदा रक्त घेतलं. संध्याकाळी रिपोर्ट आणायला आम्ही दोघं गेलो, तर तो काउंटरमागून बाहेर आला आणि म्हणाला, "पेशंट कुठल्या हॉस्पिटलात आहे?"

"मीच पेशंट," दादा म्हणाला.

त्या माणसानं दादाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाला, "तुम्ही चालत आलात?"

"सायकलवर. हिला डबल सीट घेऊन."

पुढच्याच आठवड्यात आई-आप्पा दादाला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. मी मळ्यावर थांबले. पाच दिवसांनी परत आले ते कॅप्सूलच्या बाटल्या घेऊन. आईचा चेहरा सुजलेला होता. मी दादाच्या मागे लागले, तेव्हा तो मला विहिरीकडे घेऊन गेला आणि सरळ म्हणाला, "ब्लड कॅन्सर आहे. हळूहळू वाढणारा आहे. गोळ्यांनी दाबून ठेवता येतो."

मी रडायला लागले तर म्हणाला, "रडू नको, ऐक आधी. सटाण्याला कळता कामा नये."

सटाण्याचं स्थळ तेव्हा नुकतंच पक्कं झालं होतं. सुपारी फुटली होती. मुलगा बी.कॉम., वडिलांबरोबर कांद्याच्या व्यापारात. बघायला आला तेव्हा त्यानं मला विचारलं होतं, तुम्हाला पुढं काय शिकायला आवडलं असतं? आणि विचारून माझं उत्तर येईपर्यंत थांबला होता. त्याच्याआधी जिथं जिथं बघायचा कार्यक्रम झाला होता, तिथं कोणी असं थांबलं नव्हतं. मला तो मनापासून आवडला होता. हे दादाला ठाऊक होतं.

"विचारलं तर काय सांगू?" मी म्हटलं.

"कावीळ म्हण. कावीळ कोणालाही होते."

ब्लड कॅन्सर हा शब्द सोयऱ्यांच्या कानावर जाऊ नये, याला आमच्या घरात आणखी एक कारण होतं. आप्पांची धाकटी बहीण तेराव्या वर्षी गेली होती. तिच्या हिरड्यांतून रक्त यायचं, अंगावर काळेनिळे डाग उठायचे. तिला काय झालं होतं ते कोणालाच कधी कळलं नाही, कारण तिला कुठल्या मोठ्या डॉक्टरला दाखवलंच नव्हतं. आता दादाचं कळल्यावर मोठ्या काकू चुलीपुढं बसून हळूच आईला म्हणाल्या, "म्हणजे ह्ये आपल्या रक्तातच हाय. आधी ती, आता हा. पोरीचं लगीन उरकून घ्या बाई, लय गाजावाजा नको." आईनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. पण त्या रात्रीपासून ती माझ्या हातापायांकडे बघायला लागली. मी भांडी घासत असले की येऊन माझी बाही वर सारायची, दंड बघायची आणि निघून जायची.

लग्न वैशाखात झालं. कॅप्सूल सुरू होऊन चार-पाच महिने झाले होते आणि दादाला बरं वाटत होतं. पोट उतरलं होतं. नवा सफारी शिवला होता त्यानं. कानपिळीला त्यानं नवरदेवाचा कान पकडला तेव्हा मंडपात सगळे ओरडले, "जोरात पिळ, जोरात!" त्यानं पिळला, आणि माझ्या नवऱ्यानं खोटं खोटं कळवळल्यासारखं केलं. मी हसले. माझ्या लग्नात मी मनापासून हसले, हे मला लपवायचं नाही. दादा बरा होतोय असं मी ठरवून टाकलं होतं. तसं ठरवणं मला सोयीचं होतं.

सटाण्याला माझं चांगलं चाललं होतं. सासूबाई बोलायला फटकळ, अहिराणी ढंगाच्या, पण पोटात माया असलेल्या. दादा दिवाळीला न्यायला यायचा. मधूनच एखाद्या रविवारी एसटीनं येऊन जेवून परत जायचा. त्या वेळी सासूबाई त्याला वाढताना म्हणायच्या, "कावीळ झायेली शे, तेल नको याले." आणि बिनतेलाची भाजी वेगळी करायच्या. दादा ती निमूट खायचा. मला ती भाजी बघवायची नाही, पण मीच पानात वाढत होते.

दोन वर्षांनी मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं, माझी बॅग भरून झाली, आणि आईचा फोन आला की दादाला ॲडमिट केलंय. कॅप्सूल लागू पडेनाशा झाल्या होत्या. फोन सासूबाईंनीच घेतला होता. आईनं त्यांना सांगितलं, "कावीळ उलटलीय."

सासूबाईंनी फोन ठेवला आणि माझी बॅग उचलून आत नेली.

"आता नाही जायचं तू," त्या म्हणाल्या. "गरोदर बाईनं काविळीच्या घरात पाय ठेवू नये. आमच्या शेजारची पोर अशीच गेली होती माहेरी. ती बी गेली, पोटातलं बी गेलं. बाळंतपण इथंच होईल."

त्यांचं काही चुकत नव्हतं. काविळीचं म्हणाल तर त्या बरोबरच बोलत होत्या. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की आई, ती कावीळ नाही. तीन-चार शब्दांचं काम. मी स्वयंपाकघराच्या दारात पोटावर हात ठेवून उभी होते. ते शब्द ओठांपर्यंत आले. आणि मग मनात आलं, की आता पोटात बाळ आहे, आता तर यांना कळलं की मामाच्या रक्तात काय आहे, तर हे बाळाकडे कसं बघतील? मी गप्प राहिले.

आठ-दहा दिवस मी रोज रडले. घरातल्यांना वाटलं, पहिलटकरीण आहे, घाबरलीय.

दादाशी शेवटचं बोलणं फोनवर झालं. हॉस्पिटलबाहेरच्या पीसीओवर आप्पा त्याला धरून घेऊन आले होते. इकडे फोन बैठकीत, सासरे पेपर वाचत बसलेले, सासूबाई तांदूळ निवडत. दादाचा आवाज लांबून आल्यासारखा होता.

"येऊ नकोस गं," तो म्हणाला. "पिवळा झालोय अगदी. बघवणार नाही तुला." आणि हसला.

मी म्हटलं, "काळजी घे. पथ्य सांभाळ."

भरल्या घरात मला एवढंच बोलता आलं. पथ्य सांभाळ.

त्यानंतर सहाव्या दिवशी तो गेला. मला दोन दिवसांनी सांगितलं, तेही मोजून मापून, बाळाला धक्का बसू नये म्हणून. माझे सासरे आणि हे दहाव्याला जाऊन आले. मी गेले नाही. पुढच्या महिन्याच्या शेवटी मला मुलगा झाला.

त्यानंतरची सहा वर्षं मी कशी काढली ते मी कोणाला कधी सांगितलं नाही. त्याला आंघोळ घालताना मी त्याचं अंग चाचपायचे. डावीकडे बरगडीखाली बोटं रुतवून बघायचे. तो खिदळायचा, त्याला वाटायचं आई गुदगुल्या करतेय. खेळताना पडून गुडघा फुटला तर रक्त थांबेपर्यंत मी श्वास धरून बसायचे. आई माझी बाही का वर करायची ते मला तेव्हा कळलं. दुसरं मूल मी होऊ दिलं नाही. सासूबाईंनी विचारलं, यांनी विचारलं. मी काहीबाही कारणं सांगितली.

मुलगा पहिलीत असताना त्याला सर्दी-ताप आला आणि गेला. त्यानंतर आठवड्यानं मी त्याला आंघोळ घालत होते, तर दोन्ही पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. पाठीवर एक मोठा निळा डाग. "कुठं पडलास?" विचारलं तर म्हणाला, "पडलोच नाही." टॉवेलनं तोंड पुसलं तर हिरडीतून रक्त.

मी त्याला तसंच टॉवेलात गुंडाळलं आणि यांना हाक मारली.

सटाण्याच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी आम्हाला नाशिकला पाठवलं. रक्ताच्या विकारांचे एक डॉक्टर तिथं होते, मध्यम वयाचे, सावकाश बोलणारे. त्यांनी मुलाला तपासलं, रक्त घेतलं, रिपोर्ट येईपर्यंत बसवून ठेवलं. मग आम्हा दोघांना आत बोलावलं आणि कागद पुढं ओढून विचारलं, "घरात कोणाला रक्ताचा काही आजार?"

हे म्हणाले, "नाही. आमच्याकडे कोणालाच नाही."

"आईकडून?"

"त्यांच्याकडेही नाही. हिचा भाऊ गेला, पण तो काविळीनं."

डॉक्टर लिहायला लागले. मी म्हटलं, "कावीळ नव्हती."

हे माझ्याकडे वळले.

"माझ्या भावाला ब्लड कॅन्सर होता," मी म्हटलं. "आणि आत्यालाही तेच असावं. ती तेराव्या वर्षी गेली. ते आमच्या रक्तातच आहे, डॉक्टर. माझ्याकडून आलं असणार याला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "आधी मुलाचं ऐका. याला कॅन्सर नाही. प्लेटलेट कमी झाल्यात. तापानंतर लहान मुलांत होतं असं. बहुतेक मुलं आपोआप बरी होतात. आपण लक्ष ठेवू."

मला ते ऐकू आलं, पण आत शिरलं नाही. मी पुन्हा तेच म्हटलं, रक्तातच आहे. तेव्हा त्यांनी मला भावाचं सगळं विचारलं. पानथरी किती वाढली होती, कॅप्सूल कुठली, किती वर्षं काढली. ऐकून म्हणाले, "तो प्रकार आईबापांकडून मुलांत येत नाही. नाकडोळे येतात तसा तर नाहीच. तुमच्या भावाच्या एका पेशीत बिघाड झाला. त्याच्या जन्मानंतर, त्याच्या एकट्याच्या. काही थोड्या घरांत रक्ताचे कॅन्सर जास्त दिसतात, पण ते फार क्वचित. तुमच्या आत्याला काय होतं ते आता कोणीच सांगू शकणार नाही. कदाचित तुमच्या मुलाला झालंय तेच झालं असेल, आणि तेव्हा ते कोणी ओळखलं नसेल."

मी मुलाच्या रिपोर्टचा कागद हातात घेतला.

"आता तुमच्या भावाच्या आजारावर रोज घ्यायची गोळी आलीय," ते म्हणाले. "तेव्हा नव्हती. तेव्हा एकच मोठा उपाय होता, भावाबहिणीचा बोन मॅरो जुळला तर तो देणं. तुमचा तपासला होता ना?"

"नाही. मला कोणी काही विचारलंच नाही."

"असं कसं? पहिला प्रश्न तोच असतो," ते म्हणाले. आणि माझा चेहरा बघून लगेच म्हणाले, "जुळतोच असं नाही. बऱ्याचदा नाही जुळत. आणि जुळला तरी तेव्हा ते सोपं नव्हतं."

परतीच्या वाटेवर मुलगा मागच्या सीटवर झोपला होता. देवळा गावाजवळ यांनी गाडी बाजूला घेऊन थांबवली.

"तू सातव्या महिन्यात रोज रडायचीस," ते म्हणाले. "मी तुझ्या उशाशी बसायचो. मला वाटायचं, बाळंतपणाची भीती. एकदा, एकदा तरी म्हणायचंस मला."

"तुम्ही काय केलं असतं?"

"नेलं असतं तुला. घरी न सांगता नेलं असतं." त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. "लग्नात त्यानं माझा कान पिळलेला आठवतोय मला. हातात जोरच नव्हता. मला वाटलं, लाजतोय."

घरी आल्यावर त्यांनीच सासूबाईंना सांगितलं. मी ओट्याशी उभी होते. मला वाटलं, आता घराण्याचा उद्धार होईल. सासूबाई आत आल्या, माझा हात धरला आणि म्हणाल्या, "पोरी, माले काबरं नही सांगं?" मला का नाही सांगितलंस, एवढंच. मग पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मी त्या पोराला बिनतेलाचं वाढत राहिले गं. तो मरणाच्या दारात होता अन् मी त्याला चांगलंचुंगलं खाऊ दिलं नाही."

चार दिवसांनी मुलाचे ठिपके मावळायला लागले. तो शाळेत जायला लागला तशी मी एकटी माहेरी गेले. आप्पा बाजारात होते. मी आईला विचारलं, "मुंबईच्या डॉक्टरांनी दादाला भाऊ-बहीण किती, असं विचारलं होतं का?"

आई पोळ्या करत होती. तिनं तव्यावरची पोळी काढली, गॅस बंद केला आणि भिंतीला टेकून बसली.

"विचारलं होतं," ती म्हणाली. "मी अन् आप्पा शेजारीच होतो. डॉक्टर म्हणाले, सख्खा भाऊ किंवा बहीण असेल तर घेऊन या, तपासू. आप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, मला कोणी नाही. मी एकुलता एक."

"आणि तुम्ही?"

"आम्ही काही बोललो नाही."

"आई!"

"बाहेर आल्यावर मी त्याला म्हटलं, अरे, असं का म्हणालास? तर म्हणाला, तिला मुंबईला आणून तपासलं की चार माणसांत कळणार. लग्न मोडेल तिचं. माझं काय व्हायचं ते होईल." आई रडत नव्हती. हे सगळं तिचं कधीच रडून झालं होतं. "मी आप्पांच्या पाया पडले, की आपण सांगू. पण ते ऐकेनात."

आप्पा दुपारी आले. पाट्या रिकाम्या करून हातपाय धुतले. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "माझ्या लग्नासाठी तुम्ही दादाला जाऊ दिलं?"

त्यांनी आईकडे पाहिलं. त्यांना कळलं.

"लग्नासाठी तो गप बसला," आप्पा म्हणाले. "मी नाय."

"मग?"

बराच वेळ ते टॉवेलनं हात पुसत राहिले. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"माझी बहीण माझ्या मांडीवर गेली. मग पोराला तेच निघालं. तुझं रक्त तपासलं असतं अन् त्यात बी निघालं असतं तर?" त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला. "एक जाणार हे कळलं होतं मला. दुसरी बी जाणार हे कळून घ्यायची ताकद नव्हती माझ्यात. म्हटलं, नकोच तपासायला. तपासलं नाही तर तू तेवढी राहशील."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. सटाण्याहून येताना एसटीत मी वाक्यं जुळवून आले होते. त्यांतलं एकही मला बोलता आलं नाही. मी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. की हे घराण्यात चालत येत नाही. दादाचं दादापुरतं होतं. माझं रक्त तपासलं असतं तर फक्त एवढंच कळलं असतं, की माझं त्याला चालतं की नाही.

आप्पांनी लहान मुलासारखं लक्ष देऊन ऐकलं. मग विचारलं, "घराण्यात चालत येत नाय, असं आता म्हणतात?"

"हो."

"तेव्हा बी नव्हतं येत?"

"तेव्हाही नव्हतं, आप्पा."

ते खाली बसले. "आम्ही ते कोणाला विचारलंच नाय," म्हणाले. "मुंबईला येवढे डॉक्टर होते. विचारायचं भ्या वाटलं."

त्यानंतर आप्पा आठेक महिने बाजारात गेलेच नाहीत. आई एकटी जायची. मी पंधरा दिवसांनी, महिन्यानं जायचे. दर वेळी ते तोच विषय काढायचे. डॉक्टर नक्की काय म्हणाले? त्यांचेच शब्द सांग. मी सांगायचे. आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की ते धड जेवत नाहीत, रात्री अंथरुणावर उठून बसतात आणि दादाचं नाव घेऊन बोलतात.

एकदा मी निघताना त्यांनी मला फाटकापाशी थांबवलं. "एकच सांग," म्हणाले. "तुझं जुळलं असतं का?"

मला ते ठाऊक नाही. ते आता कोणालाच कळणार नाही. दादा गेला तेव्हाच तो प्रश्नही गेला. मी खोटं बोलणं कधीच सोडून दिलं होतं. यांच्याशी, सासूबाईंशी, मुलाशीसुद्धा.

"नसतं जुळलं, आप्पा," मी म्हटलं. "मी मुद्दाम तपासून घेतलं. डॉक्टर म्हणाले, दादाच्या जुन्या कागदांवरूनच कळतंय. माझा काही उपयोग झाला नसता."

"तपासून घेतलं?"

"हो."

त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. मग मान हलवली, दोनदा, आणि फाटकाची कडी काढून दिली. एसटीत बसल्यावर मी खिडकीकडे तोंड करून सटाणा येईपर्यंत रडले. आई म्हणते, त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वतःहून जेवायला मागितलं.